रक्त देण्याआधीचा प्रश्न

प्रोस्टेट कर्करोगाची पूर्वतपासणी करावी की करू नये, हे पुरुषाने कसे ठरवावे?

दिवाळी आटोपते, नव्या वह्यांचे पूजन होते आणि व्यापारी घरांत वर्षभर पुढे ढकललेली कामे निघतात. त्यांत अलीकडे एका कामाची भर पडली आहे : वडिलांची संपूर्ण आरोग्य तपासणी. मुलगा मोबाईलवरून पॅकेज नोंदवतो, सकाळी सातला एक तरुण घरी येऊन रक्ताच्या नळ्या भरून नेतो आणि संध्याकाळी पंधरा पानांचा अहवाल येतो. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड, यकृत, मूत्रपिंड. सगळे आकडे ठीक. मात्र बाराव्या पानावर एक ओळ ठळक अक्षरांत छापलेली असते : पीएसए ५.८. शेजारी मर्यादा दिलेली असते, ४ पर्यंत.

वडील बासष्ट वर्षांचे. रोज पहाटे उठतात, चालत मंदिरात जातात, दहाच्या ठोक्याला पेढीवर बसतात. कसलाही त्रास नाही. रात्री मुलगा त्या तीन अक्षरांचा अर्थ शोधू लागतो आणि पहिल्याच ओळीत ‘कर्करोग’ हा शब्द वाचतो. त्या रात्री घरात कोणाला झोप लागत नाही.

हे चित्र कोणा एका घराचे नाही. पॅकेजमध्ये पीएसएची ओळ असते म्हणून ती चाचणी होते, आणि होऊन गेल्यावर कळते की ती झाली. या घराने तपासणी केली यात काही चूक नव्हती. विचार करूनही कदाचित त्यांनी तीच निवडली असती. परंतु विचार करण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. ‘ही चाचणी करावी का? आकडा जास्त आला तर पुढे काय करायचे?’ हा प्रश्न रक्त देण्यापूर्वी विचारण्याचा आहे. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाला आणि त्याच्या कुटुंबीयांना तो विचारता यावा, एवढ्यासाठी हा लेख.

ग्रंथी आणि तिची चाचणी

प्रोस्टेट ही केवळ पुरुषांच्या शरीरात असणारी, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. ती मूत्राशयाच्या खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्यामधून जातो. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. वयाबरोबर ती वाढत जाते. साठीनंतर निम्म्याहून अधिक पुरुषांत ही वाढ आढळते. लघवीची धार मंदावणे, पुन्हा पुन्हा जावे लागणे, असे त्रास बहुतेक वेळा या साध्या वाढीमुळे होतात. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिच्यातून कर्करोग उद्भवतो असेही नाही.

पीएसए हे या ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन. त्याचा अल्प अंश रक्तात उतरतो आणि तोच रक्तचाचणीत मोजला जातो. या चाचणीचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८६ मध्ये तिला मान्यता दिली, ती आधीच कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णांवर देखरेख ठेवण्यासाठी. निदानास साहाय्य म्हणून तिला मान्यता मिळाली ती १९९४ मध्ये. निरोगी पुरुषांत तिचा सरसकट वापर मात्र त्याच्या आधीच सुरू झाला होता. या प्रतिजनाविषयीचे संशोधन १९७० मध्ये प्रसिद्ध करणारे शास्त्रज्ञ रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनीच पुढे, २०१० मध्ये, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून या सरसकट वापरावर कठोर टीका केली.

टीकेचे कारण असे की पीएसए प्रोस्टेटविषयी काहीतरी सांगते, कर्करोगाविषयी नेमके सांगत नाही. ग्रंथीची साधी वाढ, तिची सूज, मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली लघवीची नळी, आदल्या एक-दोन दिवसांतील वीर्यस्खलन, दूरवर केलेली सायकलस्वारी, अशा अनेक कारणांनी आकडा वाढतो. दुकानाच्या शटरला लावलेला भोंगा चोर आला तरी वाजतो आणि मांजर चाटून गेले तरी वाजतो, तसेच हे. आकडा ४ ते १० च्या दरम्यान असलेल्या चार पुरुषांची बायोप्सी केली, म्हणजे सुईने ग्रंथीचे तुकडे घेऊन तपासले, तर साधारणपणे एकातच कर्करोग सापडतो. उलट बाजूही आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आकडा ४ किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांचीही बायोप्सी केली गेली, तेव्हा त्यांतील सुमारे १५ टक्क्यांत कर्करोग आढळला. म्हणजे ४ च्या वर गेला की आजारी आणि खाली असला की निर्धास्त, अशी रेषा निसर्गाने आखलेली नाही.

‘लवकर सापडलेले बरे’ हे कितपत खरे?

पुष्कळांना येथे वाटेल की शंका असली तरी तपासून घेतलेले काय वाईट? रोग लवकर सापडला तर बराच नाही का? तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत हा युक्तिवाद भक्कम आहे. प्रोस्टेटच्या बाबतीत तो निम्मा खरा आहे.

या ग्रंथीचे अनेक कर्करोग इतके संथ असतात की माणूस पूर्ण आयुष्य जगून दुसऱ्याच कारणाने जातो आणि आपल्याला हा रोग होता हे त्याला कधीच कळत नाही. पाश्चात्त्य देशांत अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनात सत्तरीच्या पुढील तिघांपैकी साधारण एकात प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी आढळल्या आहेत. असे रोग पीएसएमुळे उजेडात आले तर निरोगी माणसाला कर्करुग्ण ही ओळख मिळते, आणि जो रोग त्याला कधीच त्रास देणार नव्हता त्याच्या उपचारांचा त्रास मात्र भोगावा लागतो. वैद्यकशास्त्र याला अतिनिदान म्हणते. दुसरीकडे काही प्रोस्टेट कर्करोग आक्रमक असतात, हाडांपर्यंत पोहोचतात आणि जीव घेतात. ते वेळीच सापडले तर खरोखर प्राण वाचू शकतात. अडचण ही की रक्तातला आकडा या दोहोंत भेद करू शकत नाही.

आकड्यांची आणखी एक फसगत समजून घेतली पाहिजे. २००७ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रयत्न करणारे न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी, ज्यांना स्वतः हा रोग होऊन गेला होता, एका जाहिरातीत म्हणाले की या रोगातून वाचण्याची शक्यता अमेरिकेत ८२ टक्के, तर इंग्लंडमध्ये केवळ ४४ टक्के आहे. ऐकणाऱ्याला वाटेल, केवढे हे अंतर! प्रत्यक्षात दोन्ही देशांत या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळपास सारखे होते. मग हा फरक कुठून आला?

समजा, एका गृहस्थाला त्र्याहत्तराव्या वर्षी हाडे दुखू लागल्यावर रोग सापडला आणि पंचाहत्तराव्या वर्षी तो गेला. निदानानंतर तो दोनच वर्षे जगला. त्याच गृहस्थाचा रोग पीएसएने पासष्टाव्या वर्षीच सापडला असता, आणि उपचारांनी काहीच फरक न पडता तो पंचाहत्तराव्या वर्षीच गेला असता, तर निदानानंतर तो दहा वर्षे जगला अशी नोंद झाली असती. आयुष्य एका दिवसाने वाढले नाही. मोजणीची तारीख तेवढी मागे सरकली. त्यात कधीच जीव न घेणारे संथ रोगही ‘वाचलेल्यां’च्या यादीत जमा झाले की टक्केवारी आणखी फुगते. म्हणूनच ‘पाच वर्षे जगणारे किती’ या आकड्यावर न जाता ‘या रोगाने मृत्यू पावणारे किती कमी झाले’ हे विचारावे.

जमा आणि नावे

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जगात मोठे अभ्यास झाले. आपल्या देशात निरोगी पुरुषांवर असा दीर्घकालीन अभ्यास झालेला नसल्याने परदेशांतील आकडे पाहणे भाग आहे.

सर्वांत महत्त्वाचा अभ्यास युरोपातील आठ देशांत १९९३ पासून सुरू झाला. ५५ ते ६९ वयाच्या सुमारे १ लाख ६२ हजार पुरुषांचे चिठ्ठीपद्धतीने दोन गट केले गेले. एका गटाला ठरावीक काळाने पीएसए चाचणीचे बोलावणे गेले, दुसऱ्याला गेले नाही. तेवीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. बोलावणे न गेलेल्या गटात दर हजारी सुमारे १६ पुरुष या रोगाने मृत्यू पावले. बोलावणे गेलेल्या गटात सुमारे १४. दुसऱ्या शब्दांत, ४५६ पुरुषांना बोलावले तेव्हा एक मृत्यू टळला, आणि त्यासाठी आणखी १२ जणांना कर्करोगाचे निदान स्वीकारावे लागले.

याच सुमारास अमेरिकेतही ७६ हजारांहून अधिक पुरुषांवर अभ्यास झाला. त्यात मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. परंतु ज्या गटाची चाचणी व्हायची नव्हती, त्यातल्या बहुतेकांनी ती बाहेर स्वतःहून करून घेतली होती, त्यामुळे तुलनाच फिकी पडली.

अमेरिकेत प्रतिबंधक आरोग्यसेवांविषयी शिफारशी करणारे एक स्वतंत्र तज्ज्ञ मंडळ आहे. २०१२ मध्ये त्याने ही चाचणी कोणत्याच वयात सरसकट करू नये, असे सांगितले होते. २०१८ मध्ये त्याने मत बदलले : ५५ ते ६९ वयोगटात प्रत्येक पुरुषाने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे, सत्तरीनंतर करू नये. मत बदलण्यामागे युरोपातील अभ्यासाचा वाढलेला पाठपुरावा होता, तसेच सापडलेल्या सौम्य रोगावर लगेच उपचार न करता लक्ष ठेवण्याची पद्धत रुळली होती.

त्या वेळी मंडळाने मांडलेला अंदाज वहीच्या दोन बाजूंसारखा वाचता येतो. ५५ ते ६९ वयाच्या एक हजार पुरुषांना ही तपासणी देऊ केली आणि तेरा वर्षे पाहिले, तर जमेच्या बाजूला असे : एक ते दोन जणांचा या रोगाने होणारा मृत्यू टळेल, तिघांचा रोग शरीरात पसरण्यापासून वाचेल. नावेच्या बाजूला असे : सुमारे २४० जणांचा आकडा वाढलेला येईल आणि ते पुढील तपासण्यांच्या फेऱ्यात जातील, सुमारे १०० जणांच्या बायोप्सीत कर्करोग सापडेल, त्यांतील सुमारे ८० जण आज ना उद्या शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घेतील, त्यांपैकी ५० जणांना लैंगिक दुर्बलता येईल आणि १५ जणांचा लघवीवरील ताबा सुटेल. आणि एवढे करूनही पाच जण याच रोगाने मृत्यू पावतील.

हे आकडे वाचून एक जण म्हणेल, ‘हजारांत एक-दोन का होईना, जीव वाचतो ना? मला करायची.’ दुसरा म्हणेल, ‘दोघांसाठी पंधरा-पन्नास जणांनी एवढे भोगायचे? मला नको.’ दोघांपैकी कोणीही चुकलेले नाही. व्यवहार एकच असला तरी प्रत्येकाची जोखीम पेलण्याची तयारी निराळी असते, हे व्यापारी माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडचे चित्र

भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आढळतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कर्करोग नोंदणीत मात्र दिल्ली, मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत तो पुरुषांच्या प्रमुख कर्करोगांत मोडतो. सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची पूर्वतपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. रोगाचे प्रमाण जेथे कमी, तेथे तपासणीचा लाभही कमी मिळतो. म्हणून वरील आकडे आपल्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. जमेची बाजू त्याहून लहान असण्याचा संभव अधिक.

याच चित्राची दुसरी बाजू गंभीर आहे. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांत येणाऱ्या अनेक रुग्णांचा रोग तोवर पसरलेला असतो. यात काही जणांनी लक्षणे दिसूनही संकोचापोटी किंवा दुकान सोडता येत नाही म्हणून दुर्लक्ष केलेले असते. पूर्वतपासणीचा विचार करायचा तो काहीही त्रास नसलेल्या माणसाने. लघवीतून रक्त जाणे, लघवी अडणे, कंबर किंवा पाठीची हाडे सतत दुखणे, कारणाशिवाय वजन उतरणे, यांपैकी काही होत असेल तर करावी की न करावी हा प्रश्नच उरत नाही. लगेच डॉक्टर गाठावा. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या गृहस्थाला रात्री तीन-चार वेळा उठावे लागत असेल, तर ‘आता वय झाले’ म्हणून तेही सोडून देऊ नये. कारण बहुधा साधेच निघेल, पण ते निघू द्यावे.

निदानानंतरची वाट बदलली आहे

वीस वर्षांपूर्वी आकडा वाढला की थेट बायोप्सी आणि कर्करोग सापडला की शस्त्रक्रिया, असा सरळ रस्ता होता. नावेच्या बाजूचे बरेचसे नुकसान त्या रस्त्यावर झाले. आज मध्ये दोन थांबे आले आहेत.

पहिला थांबा एमआरआयचा. बायोप्सीपूर्वी प्रोस्टेटचा एमआरआय काढला तर काही पुरुषांची बायोप्सी टळू शकते, आणि ज्यांची करायची त्यांची सुई नेमक्या जागी जाते, असे २०१७ आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवले. बायोप्सी किरकोळ वाटली तरी तिच्यात रक्तस्राव व जंतुसंसर्गाचा धोका असतो, आणि शंभरांत एखाद्याला त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागते.

दुसरा थांबा सक्रिय देखरेखीचा. बायोप्सीत सापडलेल्या पेशी किती आक्रमक दिसतात यावरून रोगाला दर्जा दिला जातो. त्याला ग्लीसन गुणांक म्हणतात. गुणांक ६ म्हणजे सर्वांत सौम्य. अशा रोगावर लगेच उपचार न करता ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेनुसार बायोप्सी करीत राहायचे, आणि रोग पुढे सरकताना दिसला तरच हात घालायचा, ही आज मान्य पद्धत आहे. ब्रिटनमध्ये पीएसएने सापडलेल्या, ग्रंथीपुरत्या मर्यादित रोगाच्या १६४३ पुरुषांचे तीन गट करण्यात आले : देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तिन्ही गटांत या रोगाने मृत्यू पावलेले सुमारे ३ टक्केच होते. गटागटांतील फरक नगण्य. रोग पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीच्या गटात अधिक होते, हेही लक्षात ठेवावे.

म्हणून चाचणीचा निर्णय घेताना स्वतःला विचारावे : सौम्य रोग सापडला, तर तो अंगात आहे हे ठाऊक असूनही शांतपणे दुकान चालवणे, लग्नकार्ये पार पाडणे मला जमेल का? ज्याला जमेल, त्याच्यासाठी चाचणीची किंमत पुष्कळ कमी होते. ‘कर्करोग’ हा शब्द कानावर पडताच जो उद्याच काढून टाका म्हणेल, त्याच्यासाठी ती वाढते.

वय एक, उत्तरे दोन

अठ्ठावन्न वर्षांचे दोन स्नेही घ्या. दोघांचे किराणा मालाचे ठोक दुकान, दोघांची प्रकृती उत्तम. पहिल्याचे वडील याच रोगाने गेले. वडील किंवा भाऊ यांना हा रोग झाला असेल तर धोका साधारण दुपटीने वाढतो. नातेवाईक एकाहून अधिक असतील किंवा त्यांना तो लहान वयात झाला असेल तर त्याहूनही अधिक. वडिलांची शेवटची दोन वर्षे त्याने पाहिली आहेत. चाचणी न केल्याची रुखरुख त्याला चाचणीच्या परिणामांपेक्षा जड वाटते. त्याने ती करावी, हे योग्यच.

दुसऱ्याच्या घराण्यात हा रोग नाही. तो रोज पूजेचे वस्त्र नेसून गाभाऱ्यात जातो, सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटे एका आसनावर बसतो, खरेदीसाठी महिन्यातून दोनदा रात्रीच्या गाडीने प्रवास करतो. लघवीवरचा ताबा जाणे हे त्याच्या दृष्टीने पंधरा जणांच्या रांगेतील एक आकडा नाही. त्याच्या दिवसाची घडीच त्याने मोडेल. त्याने सर्व समजून घेऊन ‘तूर्त नको’ म्हटले तर तेही योग्यच.

तिसरा गृहस्थ पंचाहत्तर वर्षांचा, हृदयाची शस्त्रक्रिया झालेला. या चाचणीचा लाभ पदरात पडायला दहा-पंधरा वर्षे लागतात, तोटा मात्र पहिल्या वर्षापासून सुरू होतो. त्याच्या पॅकेजमधून ही ओळ काढून टाकणे ही त्याची सेवाच होय.

घराण्याचा इतिहास येथे निर्णायक ठरतो, आणि नेमका तोच आपल्या घरांत दडवला जातो. काकांना काय झाले होते हे विचारले तर ‘लघवीचा त्रास होता’ एवढेच उत्तर मिळते. मुला-मुलींची स्थळे यायची आहेत, नाव जायला नको, ही भीती त्यामागे असते. परिणामी पुतण्याला आपला धोका किती, हे कळायचा मार्गच बंद होतो. आत्या, आई किंवा बहिणीला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर तेही सांगितले पाहिजे. बीआरसीए-२ नावाचा जनुकदोष स्त्रियांत ते रोग आणि पुरुषांत आक्रमक प्रोस्टेट कर्करोग यांचा धोका वाढवतो. चार पिढ्यांची देणी-घेणी आपण तोंडपाठ सांगतो. आपल्याच रक्ताच्या माणसांचे आजारही नीट लिहून ठेवले पाहिजेत.

चाचणीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

आपल्या घरांत हा निर्णय प्रत्यक्षात कसा होतो? बहुधा मित्राच्या अनुभवावरून, पत्नीच्या आग्रहावरून किंवा पॅकेजच्या सवलतीवरून. मित्र सांगतो, ‘मी वेळेवर केली म्हणून वाचलो.’ त्याचे सांगणे प्रामाणिक असते; परंतु उपचार घेतलेल्या प्रत्येकाला आपण वाचलो असेच वाटते, आणि त्याचा रोग संथ होता की आक्रमक होता हे त्यालाही सांगता येत नाही. पत्नीचा आग्रह मायेपोटी असतो, आणि परिणामांत तिचाही वाटा असतो. म्हणून तिला आग्रहापुरते न ठेवता बोलण्यात सामील करून घ्यावे. नफा-तोटा साध्या आकड्यांत समोर ठेवला तर लोकांची माहिती वाढते आणि आपल्याला काय महत्त्वाचे वाटते हे त्यांना अधिक स्पष्ट होते, असे निर्णयाला साहाय्य करणाऱ्या पुस्तिकांवरील अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

१. माझे वय, प्रकृती आणि घराण्याचा इतिहास पाहता माझा धोका सरासरी आहे की अधिक?

२. चाचणी केल्याने माझ्यासारख्या हजारांपैकी किती जणांना लाभ होतो आणि किती जणांना त्रास?

३. आकडा वाढलेला आला तर पुढची पायरी कोणती? बायोप्सीपूर्वी एमआरआय होईल का?

४. सौम्य रोग निघाला तर सक्रिय देखरेखीची सोय येथे आहे का, आणि आपण ती सुचवाल का?

५. चाचणी केली तर पुन्हा किती वर्षांनी करायची?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘दरवर्षी’ असे आले तर कारण विचारावे. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार ५० ते ६९ वयात दोन ते चार वर्षांचे अंतर ठेवता येते. सरासरी धोका असलेल्यांनी पहिली चाचणी ४५ ते ५० च्या दरम्यान, आणि घराण्यात प्रबळ इतिहास असलेल्यांनी ४० ते ४५ च्या दरम्यान विचारात घ्यावी, असे तिचे मत आहे. तज्ज्ञांच्या दोन मंडळांची मते येथे जुळत नाहीत, यावरूनही हा प्रश्न किती तोलाचा आहे हे ध्यानी येईल.

आकडा आधीच हाती आला असेल तर

लेखाच्या आरंभीच्या घराकडे परत येऊ. न विचारता का होईना, ५.८ हा आकडा आता समोर आहे. त्यांनी काय करावे?

प्रथम, घाई करू नये. एका आकड्यावर बायोप्सी ठरवू नये. काही आठवड्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, चाचणी पुन्हा करावी. अनेकांचा आकडा दुसऱ्या वेळी खाली येतो. त्यापूर्वी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही याची खात्री करावी. तो असेल तर बरा झाल्यावर सुमारे सहा आठवडे थांबावे. चाचणीआधी दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळावा. चालू असलेली औषधे डॉक्टरांना दाखवावीत. प्रोस्टेटच्या वाढीसाठी दिली जाणारी फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड ही औषधे पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर आणतात, म्हणून ती घेणाऱ्याचा ३ हा आकडा प्रत्यक्षात ६ समजावा लागतो. केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइडची लहान मात्रा घेणाऱ्यांनाही हे लागू आहे.

दुसऱ्यांदाही आकडा वाढलेलाच आला तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे, ग्रंथीची प्रत्यक्ष तपासणी आणि एमआरआय यांविषयी बोलावे, आणि बायोप्सीचा निर्णय त्यानंतर घ्यावा. रोग संथ असतो म्हणून या काही आठवड्यांत बहुधा काही बिघडत नाही. मात्र आकडा फारच मोठा असेल किंवा वर सांगितलेली लक्षणे असतील, तर थांबू नये.

शिबिर भरवणाऱ्या संस्थांना एक विनंती. जन्मकल्याणकाच्या दिवशी मोफत रक्ततपासणी ठेवणे हे पुण्याचे काम आहे. त्यात पीएसए ठेवायची असेल तर रक्त घेण्याच्या टेबलाआधी एक खुर्ची डॉक्टरांची ठेवावी. तेथे दहा मिनिटे बोलणे व्हावे, जमा-नावेचे आकडे लिहिलेला एक कागद हातात द्यावा, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचे उत्तरही तितक्याच आदराने लिहून घ्यावे. सत्तरी ओलांडलेल्यांची ही चाचणी शिबिरात करूच नये.

मुलांनीही यंदा वडिलांचे पॅकेज नोंदवण्यापूर्वी त्याची यादी उघडून पाहावी. पीएसएची ओळ दिसली तर संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर वडिलांजवळ बसावे, आजोबांना आणि काकांना नेमके काय झाले होते हे विचारावे, आणि हा लेख त्यांच्या हाती द्यावा. मग करायची की नाही, हे त्यांना ठरवू द्यावे.